खोत सरांचं गाळप

मागच्या महिन्यात भाच्यानं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, तू पूर्वी कॉम्प्युटर शिकवायचीस ना? मग हे वाच." राज्य वसवायचं, सैन्य पोसायचं, शेजारच्या राजाला हळूहळू गिळायचं, असले डोकेबाज व्हिडिओ गेम आयुष्यभर बनवलेल्या एका परदेशी म्हाताऱ्याच्या त्या आठवणी होत्या. मला व्हिडिओ गेममध्ये रस एवढाच, की भाचा त्यात गुंतला की घरात जरा शांतता असते. पण साताऱ्यात दुपार मोठी असते आणि निवृत्त बाईची तर फारच मोठी. म्हटलं, वाचू.

पहिली काही पानं आईबाप, शाळा वगैरे सुखरूप पार पडली. मग म्हातारा लिहितो, की खेळ तयार झाला की मी स्वतः खेळत बसत नसे. दुसऱ्याला खेळायला बसवायचो आणि बाजूला उभा राहून त्याचं तोंड बघायचो. मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि एकटीच मोठ्यानं म्हणाले, "अगं बाई, हे तर आमचे खोत सर!" झालं. त्यानंतर पुस्तकात त्या गृहस्थाचे किती का फोटो असेनात, मला प्रत्येक पानावर खोत सरच दिसायला लागले. उंच, काटकुळे, शर्ट बाहेर सोडलेला, एका खिशात खडू आणि दुसऱ्या खिशात चिंचोके.

चिंचोक्यांचं सांगायलाच हवं, कारण नोकरी त्यांना चिंचोक्यांनीच मिळवून दिली.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. सांगलीत विश्रामबागेला एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. मालक पोपटशेठ. माधवनगरला त्यांच्या घरचे यंत्रमाग होते. ते विकून शेठनी या नव्या धंद्यात उडी घेतली होती, पण मागांची सवय जाईना. सकाळी आले की दारातूनच विचारायचे, "किती चालू, किती बंद?" चपला बाहेर, पंखा बंद, एसी चालू, प्रत्येक यंत्रावर झाकण. देवघरातलं सोवळं परवडलं, पण ती खोली नको. तिथं मी शिकवत होते आणि दुसरा शिक्षक हवा म्हणून शेठनी मुलाखती ठेवल्या होत्या.

संपत खोत आले ते अनवाणी, चपला खाली रस्त्यावरच काढून. गाव शिराळ्याकडचं, वारणाकाठचं. संख्याशास्त्राची पदवी. शेठनी विचारलं, "अनुभव काय?" सरांनी खिशातून खडू काढला, खाली वाकले आणि आमच्या त्या सोवळ्यातल्या फरशीवर वाघ-बकरीचा पट काढला. देवळाच्या ओट्यावर कोरलेला असतो तसा. तीन खडे मांडले ते वाघ, चिंचोके त्या बकऱ्या.

"शेठ, वाघ घेता का बकऱ्या?"

शेठ पडले व्यापारी. ते कशाला बकऱ्या घेतील? पहिल्यांदा त्यांनी चार बकऱ्या मटामटा खाल्ल्या आणि माझ्याकडं विजयानं पाहिलं. थोड्या वेळानं तिन्ही वाघ कोपऱ्यात कोंडलेले, हलायला जागा नाही.

"आता सांगा शेठ, तुमी कुटं चुकला?"

"मी कुठं चुकलो? तुमच्या बकऱ्याच जास्त आहेत!"

सर खदखदून हसले. "सगळे वाघ ह्येच म्हनत्यात."

शेठनी त्यांना तिथल्या तिथं ठेवून घेतलं. गुणांची पारख वगैरे काही नाही, दुसऱ्या दिवशी परतफेडीचा डाव खेळायचा होता म्हणून. मी मात्र खवळले होते. खडूची भुकटी म्हणजे कॉम्प्युटरला विष! मी बोलले तसं सरांनी मुकाट्यानं स्वतःच्या रुमालानं फरशी पुसली, रुमाल खिशात घातला आणि नंतर त्याच रुमालानं घाम पुसला. पहिला अख्खा दिवस ते तमाशातल्या सोंगाड्यासारखं पांढरं तोंड घेऊन क्लासमध्ये हिंडले, आणि कुणी हसलं की त्यालाही हसून दाद देत होते.

माणसाची पारख ते पत्रिकेवरून नाही, डावावरून करायचे. एखाद्या विद्यार्थ्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "पोरगा हुशार हाय, पर बकऱ्या लय लवकर देतो." औषधाच्या दुकानदाराबद्दल मत असं की, "त्यो एकाच वाघावर जीव लावतो, बाकीचं दोन उपाशी." माझ्याबद्दलही मत होतं. एकदा मी हौसेनं विचारलं. तर म्हणाले, "बाई, तुमी हरत न्हाई, पर जिकतबी न्हाई. तुमी नुसत्या बसून ऱ्हाता." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. म्हणजे बसूनच राहिले, असं म्हणा.

हाच प्रयोग त्यांनी स्वतःच्या लग्नावरही करून पाहिला. फलटणला मुलगी बघायला गेले होते. वडील, मामा, मध्यस्थ, सगळा लवाजमा. पोहे झाले, चहा झाला. "मुलाला काही विचारायचं असंल तर विचारू द्या," असं कुणीतरी म्हणायचा अवकाश, सरांनी खिशात हात घातला. मुलीनं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा चिंचोक्यांकडं, आणि शांतपणे म्हणाली, "बकऱ्या." आणि तिनं यांचे वाघ कोंडले की! सर हरखून गेले. दुसरा डाव मांडला. मग तिसरा. माजघरात पानं वाढलेली आणि बैठकीत नवरामुलगा उठायला तयार नाही. आठवड्यात नकार आला. मुलीच्या आजीनं निरोप धाडला होता, "माणूस सोन्यासारखा हाय, पर सौंसाराला कवा उटंल ते सांगा."

ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, "पोरगी लय भारी खेळली, बाई. आजीच अवघड निघाली."

जेवणाच्या डब्यातही त्यांचं कामच असायचं. आमच्याकडं तेव्हा फ्लॉपी असत, पातळ चौकोनी तबकड्या, धुळीपासून जपायच्या. सरांनी त्यासाठी घरून स्टीलचा एक चपटा डबा आणला आणि डब्यावर डबा ठेवून तो दप्तरात घातला. खालच्या डब्यात भाकरी आणि लसणाची चटणी. व्हायचं तेच झालं. त्या फ्लॉपीतलं काही उघडलं की चालायचं व्यवस्थित, पण यंत्राच्या तोंडातून चटणीचा वास यायचा. पोपटशेठ म्हणाले, "सर, कॉम्प्युटरला भूक लागते माझ्या." एकदा फ्लॉपीवर उतरवत असतानाच दिवे गेले आणि महिन्याभराचं काम पुसलं गेलं. मी असते तर तिथंच बसून रडले असते. सर म्हणाले, "जाऊ द्या. पुन्यांदा लिवताना बरं लिवीन." आणि खाली जाऊन दोन वडापाव खाऊन आले.

त्या परदेशी म्हाताऱ्यानं अख्खं एक प्रकरण एकाच प्रश्नावर खर्ची घातलं आहे, की हरलेला माणूस पुन्हा खेळायला का बसतो. आलेख आहेत, मेंदूची चित्रं आहेत, काय नि काय. मी ते प्रकरण निम्म्यात सोडलं. आमच्याकडं हे वडापावच्या गाड्यावर आधीच ठरलं होतं. "बाई, जिकायला काय, कुनालाबी मजा येती. हरताना मजा आली पायजे. हरलेल्या माणसाला आपलं कुटं चुकलं ते दिसलं, की त्यो उटत न्हाई बगा."

आता मुद्द्यावर येते. म्हाताऱ्याला त्याचा पहिला खेळ एका जुन्या नकाशावरून सुचला म्हणे. खोत सरांना त्यांचा खेळ साखर कारखान्याच्या फाटकावर सुचला.

आमच्या भागातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण सांगते. शेतातला ऊस कधी तोडायचा हे शेतकरी ठरवत नाही, कारखाना ठरवतो. तोडणी करणाऱ्या टोळ्या कारखान्याच्या. कुणाची लागण, म्हणजे लावणी, कधीची, कुणाचा ऊस पिकला, यावरून प्रत्येकाचा नंबर लागतो. हे झालं कागदावर. रानात आधी चेअरमनच्या पाहुण्यांचा, म्हणजे सोयऱ्यांचा, ऊस जातो, मग संचालकांच्या पाहुण्यांचा, मग पाहुण्यांच्या पाहुण्यांचा. सर कॉलेजात असताना एका वर्षी त्यांच्या वडिलांचा ऊस असाच मागं राहिला. तुरे आले, आतून पोकळ झाला, ऊन तापलं तरी टोळी येईना. वडील रोज सकाळी टोपी हातात घेऊन कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभे राहायचे.

"ऊस वाळला त्येचं काय न्हाई, बाई," सर म्हणाले होते. "म्हातारा वाळला."

एवढंच एकदा बोलले. पण त्या दिवशी मला कळलं, की हा माणूस दिवसरात्र पडद्याला डोळे लावून काय करतोय. त्यांनी खेळ लिहिला होता. नाव ठेवलं होतं ‘गाळप’. काळा पडदा, त्यावर हिरवे चौकोन ती शेतं, मधे कारखाना. कुठली टोळी कुठल्या शेतात धाडायची ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. प्रत्येक ऊस आपापल्या वेळेला पिकतो, वेळ टळली की वाळतो, आणि गिरणीला ऊस पुरला नाही की गाळप बंद पडतं.

सरांनी चेअरमनवर डूख धरला नव्हता. उलट म्हणायचे, "माणसं वाईट न्हाईत, त्यांना दिसत न्हाई. हंगाम पडतो लांबलचक. आज केल्याली चूक उन्हाळ्यात उगवती, तवर कोन ध्यानात ठेवतंय? तोच हंगाम अर्ध्या तासात डोळ्यांम्होरं सरकला, तर कुनालाबी कळंल." त्यांना एकच हवं होतं. कारखान्याच्या माणसांनी एकदा हा खेळ खेळावा आणि ऊस नात्यानं न तोडता पिकण्यानं तोडावा. इतका भाबडा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका चिवटही.

पहिल्यांदा शेतांना नुसते आकडे होते. विद्यार्थी खेळायचे आणि जांभया द्यायचे. मग सरांनी युक्ती केली. खेळ सुरू होताना यंत्र विचारायचं, तुमच्या पाहुण्यांची नावं टाका. ती नावं त्या चौकोनांवर यायची. बाकी खेळात फरक काडीचा नाही; मामाचा ऊस आणि परक्याचा ऊस सारखाच पिकणार. पण खेळणारी माणसं आमच्याकडची! वाळव्याचा एक विद्यार्थी बसला. त्यानं पहिल्या सपाट्यात मामाचं कोवळं रान तोडलं, मग आत्याचं, मग मामाच्या साडूचं. तिकडं पिकलेला ऊस उभा वाळतोय. हंगामाच्या मध्यावर गिरणी बंद. आणि हा पठ्ठ्या छाती काढून उठला. म्हणाला, "मामाचा तर गेला!"

सर पोट धरून हसले. मग एकदम गंभीर झाले. "बाई, ह्यो खेळ मी चुकीचा लिवला. हितं कोन जिकायला बसतंय? पावना खूश झाला की यांचा डाव सपला."

म्हणून त्यांनी पाहुण्यांना बोलायला लावलं. एकाचा ऊस नंबर डावलून तोडला, की दुसऱ्या पाहुण्याचा निरोप पडद्यावर यायचा, ‘त्यांचा तोडला, मग आमी काय परके व्हय?’ त्याचा तोडला, की तिसऱ्याचा. आता खुर्चीतून कुणी उठेना. एक खेळायचा आणि दहा जण मागून ओरडायचे, "आरं, आत्याला गप कर आधी!" शिकवणीच्या वेळा कोलमडल्या. मी तक्रार केली, पण खरं सांगायचं तर क्लास सुटल्यावर मीही दोनदा खेळून पाहिलं. माझ्या धाकट्या जावेनं मला बुडवलं. पडद्यावरच्या.

आणि मग चेअरमनसाहेब आले.

झालं असं, की सरांच्या गावाचा ऊस जातो त्याच कारखान्याला कचेरीसाठी कॉम्प्युटर घ्यायचे होते. पोपटशेठ त्या ऑर्डरसाठी देव पाण्यात घालून बसले होते. चेअरमन स्वतः बघायला येणार म्हटल्यावर शेठनी एसी पहाटेपासून लावला. साहेब आले, पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, मागं चार माणसं. मी हिशेबाचे तक्ते दाखवले. ते "बरं बरं" म्हणत छताकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "ते उसाचं काय हाय म्हनं तुमच्याकडं? आमच्या पुतन्यानं सांगितलं."

शेठनी सरांना दंडाला धरून जिन्याच्या तोंडाशी ओढलं. मीही मागं गेले.

"सर, पाया पडतो. आजच्या दिवस साहेबांना जिंकू द्या. कुठला तरी एक आकडा बदलला की होतं, मला माहितीय."

"होतं की. मग साहेब काय शिकनार?"

"साहेब इथं शिकायला आलेत का!"

मी म्हणाले, "सर, शेठचं सोडा. तुमच्या वडिलांचा ऊस त्यांच्याच कारखान्याला जातो. साहेब रागावले तर? जरा विचार करा."

"त्योच इचार करतोय, बाई," सर म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी खेळ लावला. आकडा बदलला नाही.

साहेबांनी पाहुण्यांची नावं सांगितली, सरांनी टाकली. मेहुणा, साडू, व्याही. व्याह्यांचं नाव घेताना त्यांनी ‘राव’ लावायला लावलं. खेळ सुरू झाला आणि साहेबांनी सवयीनं, अगदी हात धुवावेत इतक्या सहज, पहिली टोळी व्याह्यांच्या रानात धाडली. पडद्यावर मेहुणा बोलला, ‘आमी काय परके व्हय?’ मागची चार माणसं हसली आणि साहेबांनी मान वळवताच गप्प झाली. मेहुण्याचा तोडला. साडू बोलला. थोड्या वेळानं यंत्र पीं पीं करून कोकलायला लागलं. गिरणी बंद.

पोपटशेठ बंद पंख्याकडं बघत उभे. सर मात्र बाजूला उभं राहून साहेबांचं तोंड असं बघत होते, की मला वाटलं, आता यांच्या कानाखाली बसणार.

"परत लाव," साहेब म्हणाले.

दुसऱ्यांदाही बुडाले. तिसऱ्यांदा जरा लांब गेले. चहा गार झाला. ड्रायव्हर वर आला, त्याला हातानंच खाली घालवला. शर्टाची वरची दोन बटणं सोडून, खुर्ची पुढं ओढून हा एवढा मोठा माणूस हिरव्या चौकोनांशी झुंजत होता. शेवटी एका डावात अगदी हंगाम सरत आला असताना व्याह्यांचा निरोप आला आणि साहेबांच्यानं राहवलं नाही, धाडली टोळी! पीं पीं पीं. साहेब मागं रेलले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"आयला! व्याह्यानंच बुडिवला की रं मला!"

मग सरांच्या खांद्यावर थाप मारून विचारलं, "गाव कंचं तुझं? कुनाचा तू?" सरांनी गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. साहेब जिना उतरता उतरता म्हणाले, "बरं, बरं. बघतो."

पोपटशेठना ऑर्डर मिळाली. त्यांनी क्लासमध्ये पेढे वाटले आणि सरांना म्हणाले, "मला आधीच माहीत होतं." सर तर हवेत होते. "साहेबांना दिसलं, बाई! तीनदा म्हनले, परत लाव. ह्या साली बगा, पिकंल तसा तुटंल." मला पटत नव्हतं, पण त्यांच्या तोंडाकडं बघून बोलवेना.

दिवाळी झाली, हंगाम सुरू झाला. मला साताऱ्याला कायमची नोकरी लागली होती, आठवड्यात जायचं होतं. सर म्हणाले, "जान्याआदी गावाकडं येऊन जावा. आई पिठलं-भाकरी करतीया." रविवारी पोपटशेठची मारुती व्हॅन काढली आणि आम्ही तिघं निघालो.

गाव जवळ आलं तसं रस्त्याला लागून सरांचं रान दिसलं. समोर गाड्या सुटलेल्या, बैल चरताहेत, कोयते घेऊन तोडणीची माणसं उभी. नवी टोपी घातलेले एक म्हातारे हातात ताट घेऊन बांधावर होते. ताटात हळद, कुंकू, नारळ. तोडीचा पहिला कोयता लागण्याआधी रानाला नारळ फोडतात. ते सरांचे वडील. आम्हाला बघून पुढं आले, अगदी लगबगीनं.

"आरं संपत, पहिली टोळी आपल्या रानात! सायबांनी स्वता धाडली! तुजीच वाट बगत नारळ ठेवला हुता."

सर गाडीतून उतरले आणि तिथंच थांबले. त्यांचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला. टोळीच्या मुकादमाला म्हणाले, "आमचा नंबर तर लय मागं हाय."

"नंबर ऱ्हाऊ द्या. सायबांचा निरोप हाय. खेळवाल्या सरांच्या वडलांचा ऊस आदी."

म्हणजे साहेबांना दिसलं होतं ते एवढंच. माणूस आवडला, तर त्याचा ऊस आधी. आमचे खोत सर पाहुण्यांच्या यादीत गेले होते.

सरांच्या घरचा ऊस उशिराच्या लागणीचा, हिरवागार, अजून कोवळा. बांधापलीकडं मात्र सगळं रान पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेलं. ते ज्ञानबाचं. ज्ञानबा आणि सरांचे वडील यांचं याच बांधावरून हाडवैर. दोघं नदीला जायचे तेसुद्धा वेगवेगळ्या वाटांनी. सर मुकादमाला म्हणाले, "टोळी पलीकडं न्या. त्यो ऊस पिकलाय."

"ज्ञानबाच्या रानात?" वडिलांचा आवाज चढला. "आरं येड्या, जगात दुसरा कोन घावला न्हाई तुला? लक्ष्मी दारात आली आन् तू तिला वाट दावतोस? पुन्ना टोळी कवा यील? का मी पुन्ना फाटकावर जाऊ?"

"आबा, त्या साली तुमी फाटकावर हुता तवा आपल्या आदी कुनाचा ऊस गेला?"

"कुनाचा म्हंजी? पावन्याचा."

"मग आज त्यो पावना तुमी हाय."

सर बांध ओलांडून ज्ञानबाकडं गेले. तो आपल्या रानाच्या कडेला उभा राहून सगळं ऐकत होताच. पण त्यानं मान हलवली. "खोताच्या पोरानं धाडली व्हय? मग नगं. ह्यात कायतरी डाव हाय." सरांनी परत सांगितलं, हात जोडून सांगितलं. नगं म्हणजे नगं.

आता ऊस इकडचाही तुटेना आणि तिकडचाही. तोडणीच्या बायका खाली बसल्या, एकीनं पोराला पाजायला घेतलं. मुकादम विडी पेटवून म्हणाला, "तुमचं ठरलं की सांगा." सर दोन रानांच्या मधे बांधावर उभे होते आणि मला त्यांच्याकडं बघवेना. मला त्या क्षणी साहेबांचा राग आला, ज्ञानबाचा आला, खुद्द सरांचासुद्धा आला. कशाला हवा असला शहाणपणा? मिळत होतं ते घ्यायचं गुपचूप!

तेवढ्यात म्हाताऱ्यांनी ताट उचललं. मला वाटलं, घरी निघाले. ते बांध चढले, मुलाच्या बाजूनं गेले आणि पलीकडं उतरले. ज्ञानबा दोन पावलं मागं सरला.

"ज्ञानबा," म्हातारे म्हणाले, "पोरगं येडं हाय, लबाड न्हाई. तुजा ऊस तुऱ्याला आलाय, घे तोडून. बांधाचं आपुन नंतर भांडू."

ज्ञानबानं त्यांच्याकडं पाहिलं नाही, ताटाकडं पाहिलं.

"नारळ कुनाचा?"

"माजा."

"मग फोड तूच."

म्हाताऱ्यांनी खाली बसून दगडावर नारळ फोडला. ज्ञानबानं पहिल्या उसाला हळदकुंकू लावलं, मुकादमानं विडी विझवली आणि टोळी उठली. तुऱ्यांचे ऊस सपासप आडवे व्हायला लागले. पोपटशेठ नाक शिंकरत व्हॅनकडं गेले. मी तिथंच उभी राहिले आणि मला रडू येत होतं, डोळे मी पुसले नाहीत.

सर नारळाचे तुकडे वाटत आले. ज्ञानबाला दिला, वडिलांना दिला, पोराला पाजणाऱ्या बाईला दिला. मग माझ्यासमोर आले. माझ्या हातावर तुकडा ठेवला, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि पुढच्या माणसाकडं गेले.